मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही? नवा राउटर घेण्याआधी हे वाचा

रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या फुफीचं घर आहे. जुनं, चिऱ्याचं, चांगलं ऐसपैस. पुढे ओटी आणि हॉल, मध्ये माजघर, मागे दादीची खोली आणि त्यामागे स्वयंपाकघर. वर अलीकडे स्लॅब टाकून दोन खोल्या काढल्या आहेत. फुफीचा मोठा मुलगा कुवेतला नोकरीला. त्याची ड्युटी संपून तो खोलीवर येतो, तिथे साडेआठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. त्या वेळी तो रोज व्हिडिओ कॉल लावतो, तो मुख्यतः दादीसाठी.

दादी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. तिला उठवून हॉलमध्ये आणता येत नाही. आणि तिच्या खोलीत फोन नेला की चित्र थिजतं, आवाज तुटतो. "हॅलो, दिसतंय का?" यातच पाच मिनिटं जातात. शेवटी तो म्हणतो, "राहू दे दादी, उद्या बोलू." वरच्या खोलीत धाकटी मुलगी नीटच्या ऑनलाइन क्लासला बसते, तिचीही तीच रड.

घरच्यांनी आधी प्लॅन वाढवला. ५० एमबीपीएसचा १०० केला. फरक शून्य. मग बाजारातून एक एक्स्टेंडर आणून दादीच्या खोलीतल्या प्लगमध्ये लावला. फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या भरल्या, पण कॉल पूर्वीसारखाच तुटत राहिला. पैसे दोन्हीकडे गेले.

असं घर फक्त आमच्या फुफीचं नाही. गावची चिऱ्याची घरं असोत, मुंब्र्या-मालेगावातल्या तीन मजली इमारती असोत किंवा मराठवाड्यातले जुने वाडे, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. म्हणून यावर उपाय काय, कोणती वस्तू घ्यायची आणि कोणती नाही, ते नीट समजून घेऊया.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

इंटरनेट आणि वाय-फाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायबरच्या वायरमधून घरापर्यंत येतं ते इंटरनेट. तिथून तुमच्या फोनपर्यंत हवेतून जातं ते वाय-फाय. प्लॅन वाढवला तर पहिल्या भागाचा वेग वाढतो. दुसऱ्या भागाला त्याचा काही उपयोग नाही. गावात पाण्याची मोठी टाकी बांधली, पण घरातला पाईपच चोंदलेला असेल तर मागच्या नळाला धार येईल का?

म्हणून पहिली चाचणी अशी करा. फोन घेऊन फायबरच्या डब्याशेजारी उभे राहा आणि स्पीड टेस्ट करा. तिथेही वेग कमी आला तर भांडण कंपनीशी आहे, वाय-फायशी नाही. तिथे वेग पूर्ण आला आणि मागच्या खोलीत पडला, तर दोष घरातल्या वाय-फायचा. एक साधा व्हिडिओ कॉल एक-दोन एमबीपीएसमध्येही नीट चालतो. त्याला जास्त वेग नको असतो, अखंड वेग हवा असतो.

दुसरी चाचणी सिग्नलची. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारची मोफत अॅप मिळतात. ती सिग्नल आकड्यात दाखवतात, आणि तो आकडा उणे असतो. −५० म्हणजे उत्तम. −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चांगला चालतो. −७५ च्या खाली रडारड सुरू होते आणि −८० ला नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. लक्षात ठेवा, दर ३ अंकांना ताकद निम्मी होते. म्हणजे −६७ आणि −७० यांत दिसायला थोडा फरक, पण प्रत्यक्षात निम्मा सिग्नल गेलेला असतो.

घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खोलीत आकडा लिहा. दार उघडं आणि दार बंद, दोन्ही वेळा मोजा. फुफीच्या घरी हॉलमध्ये −४५ होता, माजघरात −६४ आणि दादीच्या खोलीत −८२. कागदावर ते पाहिलं तेव्हा कुठे घरच्यांना पटलं की दोष प्लॅनचा नव्हता.

सिग्नल कोण खातं?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. आपल्या घरात मुख्यतः दोन पट्ट्यांवर काम चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतीतून जरा बरी जाते, पण तिचा वेग कमी असतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दीही तिथेच असते. ५ ला वेग भरपूर, गर्दी कमी, पण भिंत आली की ती लवकर दमते. अनेक जुन्या फायबरच्या डब्यांत फक्त २.४ असतं, हेही तपासून घ्या.

लाकडी दार किंवा प्लायवुडचं पार्टिशन फार काही खात नाही. विटेची भिंत खाते. जाड चिऱ्याची भिंत त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात तिच्यात ओल मुरली की आणखी जास्त, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, त्यामुळे वरच्या मजल्यावर सिग्नल जेमतेम जातो. लोखंडी कपाट, फ्रिज, पत्रा आणि मोठा आरसा यांच्या मागे तर सावलीच पडते. आता आठवा, आपल्याकडे फायबरचा डबा कुठे बसवलेला असतो? वायर जिथून घरात शिरली त्याच कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर कपाटावर.

काही घरांत हा डबा कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर, मोकळ्या जागी लावला की काम होऊन जातं. दोन खोल्यांचा फ्लॅट असेल तर आधी हेच करून बघा. यात एक पैसा खर्च नाही, फार तर थोडी वायर.

आठ अँटेनांचा राउटर का नको?

दुकानदार म्हणतो, "हा घ्या, आठ अँटेना, सगळं घर कव्हर." इथेच बरेच लोक फसतात. वाय-फाय हे रेडिओसारखं एकतर्फी नसतं, ते दोघांचं बोलणं असतं. राउटरने पाठवलेलं फोनला ऐकू यावं लागतं आणि फोनने पाठवलेलं राउटरलाही. राउटर विजेच्या प्लगवर चालतो, त्याचा आवाज मोठा. फोन छोट्याशा बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज लहान. राउटर लांबून ओरडतो ते फोनला ऐकू येतं, म्हणून काड्या भरलेल्या दिसतात. पण फोनचं उत्तर दोन भिंतींपलीकडे पोहोचतच नाही.

म्हणून इलाज एकच. एकाच जागेवरून मोठ्याने ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन हळू बोलायचं. एका मोठ्या राउटरपेक्षा योग्य जागी लावलेले दोन साधे ॲक्सेस पॉइंट बरे.

तीन पर्याय: एक्स्टेंडर, मेश, ॲक्सेस पॉइंट

एक्स्टेंडर किंवा रिपीटर सगळ्यात स्वस्त. तो मूळ वाय-फाय हवेतूनच पकडतो आणि पुढे फेकतो. त्यात दोन अडचणी आहेत. साधा एक्स्टेंडर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. दुसरं म्हणजे तो जिथे लावाल तिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळायला हवा. फुफीच्या घरी तो दादीच्या खोलीत लावला होता, जिथे मुळात सिग्नलच मेलेला. मग तो पुढे काय देणार? फोनला काड्या दिसत होत्या त्या एक्स्टेंडरच्या, मागचं इंटरनेट गायब. एक्स्टेंडर लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा, जिथे आकडा −६५ च्या आसपास आहे.

मेश म्हणजे दोन-तीन डब्यांचा संच. सगळे एकाच नावाने वाय-फाय देतात आणि मोबाइल अॅपवरून सहज बसतात. भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावता येत नसेल तर हा चांगला पर्याय आहे. पण हे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात. मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती असतील तर त्यांचंही तेच रडगाणं. दोन पट्ट्यांऐवजी तीन पट्ट्यांचा संच घेतला तर एक पट्टी डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी मोकळी राहते, पण तो महाग पडतो. मेशच्या डब्यांना मागून केबल जोडता येते का, ते पाहून घ्या. केबल जोडली की ते जवळपास ॲक्सेस पॉइंटसारखंच काम करतात.

ॲक्सेस पॉइंटला मूळ राउटरपासून लॅन केबल जाते. भिंतीपलीकडचा सगळा प्रवास तांब्याच्या तारेतून होतो आणि हवेतलं अंतर फक्त त्या एका खोलीपुरतं उरतं. वेग निम्मा होत नाही, पावसात कमी होत नाही. त्रास एकच, केबल ओढावी लागते. पण तो त्रास एकदाच. स्वतःचं घर असेल तर हाच मार्ग सगळ्यात टिकाऊ आहे. नवं घर बांधत असाल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक मजल्यावर लॅन केबलसाठी एक रिकामा पाईप टाकून ठेवा. पुढे दुवा द्याल.

ॲक्सेस पॉइंट घेताना काय बघायचं?

पहिलं, दोन्ही पट्ट्या हव्यात. फक्त २.४ वाला कितीही स्वस्त मिळाला तरी आता घेऊ नका.

दुसरं, पिढी. वाय-फाय ५, ६ आणि ७ अशी नावं डब्यावर असतात. मध्यम घरासाठी वाय-फाय ६ पुरेसं आहे. एकाच वेळी पाच-दहा फोन जोडलेले असतील तर ते गर्दी चांगली सांभाळतं. वाय-फाय ७ चा फायदा घ्यायला तुमचे फोनही तसे लागतात. घरातले फोन तीन-चार वर्षांचे असतील तर त्या जादा पैशांत दुसरा ॲक्सेस पॉइंट घ्या, जास्त उपयोग होईल.

तिसरं, डब्यावरचा मोठा आकडा. एसी १२०० किंवा एएक्स १८०० लिहिलेलं असतं ती दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्टीवर असतो, म्हणून तो आकडा तुम्हाला कधीच मिळणार नाही. त्यावरून निवड करू नका.

चौथं, लॅनचं तोंड. ते गिगाबिटचं असावं. काही स्वस्त डब्यांत १०० एमबीपीएसचंच असतं. तुमचा प्लॅन १०० पर्यंत असेल तर चालून जाईल, पुढे वाढवलात तर तिथेच अडेल.

पाचवं, पीओई. म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देण्याची सोय. छतावर किंवा उंच भिंतीवर प्लग नसतो, तिथे ही फार कामाची. यात ८०२.३एएफ आणि ८०२.३एटी ही ठरलेली मानकं आहेत. पहिल्यात वीज देणारं यंत्र १५.४ वॉटपर्यंत देतं, दुसऱ्यात ३० वॉटपर्यंत. काही डबे मात्र २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात, त्यांना त्यांचाच ॲडॉप्टर लागतो. दोन्हींची अदलाबदल केली तर डबा चालणार नाही किंवा जळेल. म्हणून घेताना विचारा, "एएफ आहे की पॅसिव्ह? सोबत इंजेक्टर येतो का?"

सहावं, चालवायचं कसं. ओमाडा किंवा युनिफायसारख्या मालिकांमध्ये अनेक ॲक्सेस पॉइंट एकाच ठिकाणाहून सांभाळता येतात. एक-दोनच लावायचे असतील तर असा घ्या जो वेगळ्या कंट्रोलरशिवाय, मोबाइल अॅपवरून बसतो.

सातवं, जागा. गच्चीवर किंवा अंगणात लावायचा असेल तर बाहेरच्या वापराचा, पाऊस सोसणाराच घ्या. घरातला डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर लावण्याचा प्रयोग करू नका.

केबल घेताना फसू नका

कॅट ६ केबल घ्या, कॅट ५ई असली तरी घरासाठी चालते. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, घराला ती भरपूर आहे. पण तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ती लवकर तुटते आणि पीओईची वीज नेताना गरम होते. ओळखायची सोपी खूण अशी की आतली बारीक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती ॲल्युमिनियमची.

लॅनची केबल विजेच्या वायरसोबत एकाच पाईपमधून नेऊ नका. समोरासमोरच्या दोन वेगळ्या घरांना जोडायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर बरं. कोकणात विजा पडतात, आणि उघड्यावरून गेलेली तांब्याची तार तो झटका दोन्ही घरांतल्या यंत्रांपर्यंत पोहोचवू शकते.

नवा घेण्याआधी जुना राउटर शोधा

कपाटात जुना राउटर पडला असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट होऊ शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता बदला, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्यातलं डीएचसीपी बंद करा, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असावा. आणि केबल वॅनच्या नाही, लॅनच्या तोंडात लावा. दोघांनी पत्ते वाटायला सुरुवात केली की काही फोन चालतात, काही चालत नाहीत आणि कारण सापडत नाही.

बसवल्यावरची सेटिंग

सगळीकडे वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा, म्हणजे हॉलमधून मागे जाताना फोन आपोआप बदलेल. २.४ वर चॅनल मात्र वेगळे द्या, एकाला १, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ११. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. २.४ ची ताकद "मध्यम" ठेवा. पूर्ण ठेवली तर फोन लांबच्या डब्याला चिकटून राहतो, जवळच्याकडे येत नाही.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए ३, आणि जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए २ निवडा. ईदला, लग्नकार्याला पाहुणे येतात, लहान मुलं आल्या आल्या पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी "गेस्ट" नावाचं वेगळं वाय-फाय चालू करा आणि पाहुणे गेले की बंद करा. घरचा पासवर्ड मोहल्ल्यात फिरत नाही.

लाईट गेली तर?

गावाकडे हा प्रश्न आधी येतो. इथे पीओईचा दुसरा फायदा आहे. फायबरचा डबा आणि पीओई स्विच किंवा इंजेक्टर एकाच यूपीएसवर ठेवला की केबलमधून वीज घेणारे सगळे ॲक्सेस पॉइंट चालू राहतात. खोलीखोलीत बॅटरी लागत नाही. बिलाची काळजी नको. १० वॉटचा डबा दिवसरात्र चालला तरी महिन्याला साधारण ७ युनिट होतात.

फुफीच्या घरी शेवटी काय केलं

जुना प्लॅन परत घेतला. दोन ॲक्सेस पॉइंट आणले, एक वरच्या मजल्यासाठी आणि एक मागच्या बाजूसाठी. केबल माळ्यावरून, वाशांच्या कडेने ओढली. वायरमनला अर्धा दिवस लागला. मागचा डबा आधी माजघरातच लावायचं ठरत होतं, पण माजघर आणि दादीची खोली यांच्या मध्येही चिऱ्याची जाड भिंत आहे. म्हणून डबा थेट दादीच्या खोलीतच, दाराच्या वरच्या बाजूला लावला. तिथून दारातून पलीकडे स्वयंपाकघरालाही मिळतं. पुन्हा मोजलं तेव्हा दादीच्या खाटेवर −४८ आला.

त्या रात्री कुवेतहून कॉल आला तो पाऊण तास चालला. त्याने तिथली खोली दाखवली, रूम पार्टनर दाखवला, शिजवलेला भात दाखवला. "इतकं पातळ वरण कोण खातं?" म्हणून दादीने त्याला झापलं. कॉल तुटला नाही.

तुमच्या घरी काही घ्यायचं असेल तर आधी एक संध्याकाळ मोजण्यात घालवा. मग ठरवा. डबा हलवून भागतं का? भागत नसेल तर केबल ओढता येते का? ओढता येत असेल तर ॲक्सेस पॉइंट, येत नसेल तर मेश, आणि अगदीच तात्पुरतं असेल तर अर्ध्या वाटेवर एक्स्टेंडर. आणि दुकानात जाताना तो आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. अँटेना किती आहेत ते दुकानदार सांगेलच, तुम्ही त्याला मागच्या खोलीतला आकडा दाखवा.